मीटरचा लाल दिवा मोजा: घरातली वीज नेमकी कुठे जाते ते शोधण्याची रीत

बिल जास्त आलं की घरात पहिला आरोप गिझरवर होतो आणि दुसरा मुलांवर. आमच्याकडेही तेच व्हायचं. एकदा मी कागद घेऊन बसलो. गिझर २००० वॅटचा, रोज सकाळी साधारण २० मिनिटं चालणारा: महिन्याला २० युनिट. हॉलमधला जुना पंखा ७५ वॅटचा, पण उन्हाळ्यात सोळा तास फिरणारा: महिन्याला ३६ युनिट. ज्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं तो गिझरच्या पावणेदोनपट वीज खात होता.

एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालवायला लागणारी वीज. वॅट गुणिले तास, भागिले १०००. शाळेतलं हे गणित आपल्याला येतंच. अडचण अशी की आपण फक्त वॅट बघतो, तास बघत नाही. म्हणून काहीही नवीन विकत घेण्याआधी आठवडाभर मोजा. त्यासाठी लागतं ते घरातच असतं: बिल, घड्याळ, पेन आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

पहिली पायरी: बिल उलगडून बसा

मी नाशिकला राहतो, त्यामुळे उदाहरण महावितरणच्या बिलाचं देतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं बिल असेल तर मांडणी वेगळी दिसेल, शोधायचं तेच.

चालू रीडिंग आणि मागील रीडिंग हे दोन आकडे काढा आणि वजा करा. उत्तर बिलातल्या युनिटइतकंच यायला हवं. रीडिंगच्या जागी 'सरासरी', 'लॉक' किंवा 'फॉल्टी' असा शेरा असेल, तर ते बिल अंदाजाने काढलेलं आहे. आधी ते दुरुस्त करून घ्या, मग पुढचं. अंदाजाच्या आकड्यावर बचतीचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षभरातला महिनावार वापरही बिलावर छापलेला असतो. तो वेगळा लिहून ठेवा, शेवटी लागेल.

मग टप्पे. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत. "शंभरावर एक युनिट गेलं की सगळंच बिल महागतं," असं आमच्या सोसायटीत अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं नाही. पहिली १०० युनिट पहिल्याच दराने लागतात, वरच्या युनिटांनाच वरचा दर. याचा उपयोग असा की तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं. त्यामुळे बचतीची किंमत काढताना एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर धरू नका. तुमच्या शेवटच्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, अशी बेरीज करा. दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात, म्हणून मी इथे आकडा देत नाही. पुढच्या उदाहरणांपुरते युनिटला १२ रुपये धरू. स्थिर आकार मात्र तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी लागतो. त्याच्यावर डोकं शिणवू नका.

दुसरी पायरी: कॅलेंडरच्या चौकोनात रीडिंग

दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख जिथे लिहिता, तिथेच. रोज एकाच वेळी, समजा सकाळी सातला, मीटरवरचा आकडा लिहायचा. मीटरच्या पडद्यावर एकामागून एक बरंच काही सरकत जातं: तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी. ज्याच्या पुढे इंग्रजीत केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं तो आपला आकडा. त्याच्यासारखाच दिसणारा केव्हीएएच हा वेगळा असतो, त्याला फसू नका. पहिल्या दिवशी मीही तोच लिहून आलो होतो.

चौकोनात आकड्याशेजारी एखादा शब्दही टाका: कपडे धुतले, पाहुणे, एसी, इस्त्री. चार-पाच दिवसांत आकडे आपोआप बोलायला लागतात. आमचा साधा दिवस साडेसहा युनिटचा निघाला आणि रविवार नऊचा. रविवारी वॉशिंग मशीन, इस्त्री आणि दुपारभर सगळे घरात. म्हणजे बाईंनी केलेली कामं नव्हेत, तर आमचं घरात लोळणं महाग पडत होतं.

तिसरी पायरी: हे मीटर तुमचंच आहे ना?

हसू नका. घरातला फ्रीज, संगणक वगैरे बंद करून मेन स्विच खाली करा आणि मीटरजवळ जाऊन बघा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, तो थांबायला हवा. थांबला नाही तर मीटर आणि तुमचा मेन स्विच यांच्या मधल्या वायरवर दुसऱ्या कुणाचा भार आहे, किंवा तुम्ही ज्याच्याकडे बघताय ते मीटर तुमचं नाही. मीटरवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. आमच्या इमारतीत दोन फ्लॅटची मीटरं उलटसुलट जोडलेली निघाली. दोन माणसांचं कुटुंब कितीतरी महिने सहा माणसांचं बिल भरत होतं आणि एकमेकांवर दिवे बंद न करण्यावरून चिडत होतं.

दिवा थांबला नाही तर वायरमनला बोलवा, मीटरच्या सीलला हात लावू नका. आपलं काम बघणं आणि मोजणं एवढंच.

चौथी पायरी: लाल दिव्याचं गणित

हा भाग नीट वाचा, कारण इथे फुकटातलं मोजयंत्र हाती येतं.

मीटरच्या तोंडावर 'इम्प' आणि केडब्ल्यूएच यांच्यासोबत एक आकडा इंग्रजीत छापलेला असतो: १६००, ३२०० किंवा ६४००. अर्थ असा की एका युनिटला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. ३२०० वाल्या मीटरसाठी सूत्र सोपं आहे: ११२५ भागिले दोन लुकलुकींमधले सेकंद, म्हणजे त्या क्षणी घर किती वॅट खातंय ते. १६०० असेल तर ११२५ ऐवजी २२५०. तुमचा आकडा तिसराच असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा.

दिवा भरभर लुकलुकत असेल तर एकेक मोजत बसू नका. दहा लुकलुकींना लागलेले सेकंद मोजा आणि दहाने भागा. मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर घरात बसून मोजलं तर आणखी चांगलं. मीटर जिन्याखाली असतं आणि तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की वॉचमन चौकशी करतोच.

आता एक माणूस मीटरपाशी, एक घरात, मध्ये फोन. घरातल्याने एकेक उपकरण चालू-बंद करायचं, मीटरपाशीच्याने सेकंद सांगायचे. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या उपकरणाचे वॅट. मुलांना हे काम द्या, त्यांना भारी आवडतं आणि गिझरच्या आरोपातून सुटकाही होते.

पाचवी पायरी: बंद असलेली उपकरणं किती खातात

दुपारी सगळे पंखे-दिवे बंद करा आणि दहा मिनिटांपुरता फ्रीजही बंद करा. घरात काहीही 'चालू' नाही, असं तुम्हाला वाटेल तेव्हा मीटर बघा.

आमच्याकडे दिवा तेव्हाही दर २५ सेकंदांनी लुकलुकत होता. ११२५ भागिले २५, म्हणजे ४५ वॅट. चोवीस तास, तीस दिवस धरले तर महिन्याला ३२ युनिट. कशासाठी? कशासाठीच नाही.

मग शोध सुरू झाला. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा भिंतीवरचा खटका बंद केला, अंतर २५ वरून ३२ सेकंदांवर गेलं: १० वॅट गेले. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो खोका आत जागाच असतो, हात लावून बघा, कोमट लागतो. वाय-फायचा राउटर बंद केल्यावर ४५ सेकंद: आणखी १० वॅट. इनव्हर्टरचा प्लग काढल्यावर दिवा इतका सावकाश झाला की मोजायचा कंटाळा आला. म्हणजे पंधरा-वीस वॅट एकट्या इनव्हर्टरचे, बॅटरी भरलेली असतानासुद्धा.

इनव्हर्टर कायमचा बंद ठेवा असं मी सांगणार नाही, भारनियमनाच्या दिवसांत तोच कामाला येतो. बॅटरीतलं पाणी मात्र तपासा. बॅटरी म्हातारी झाली की ती भरतच राहते आणि मीटरला ते दिसतं. सेट-टॉप बॉक्सचा खटका रात्री झोपताना बंद करायची सवय आमच्याकडे आता लागली आहे. राउटर रात्री बंद करण्याचा ठराव आठवडाभर टिकला.

मोबाइलचे चार्जर भिंतीत राहिले तर काय? काही नाही. त्यांच्या नावाने होणारी भाषणं त्यांच्या विजेपेक्षा जास्त ऊर्जा खातात.

सहावी पायरी: फ्रीज, त्याला चोवीस तास द्या

फ्रीज मध्येच चालू होतो, मध्येच थांबतो. क्षणाचे वॅट बघून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. यासाठी प्लग आणि भिंत यांच्यामध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, तो घ्या किंवा कुणाकडून आठवड्यापुरता मागून आणा. घेताना १६ अँपिअरचा बघा. सहा अँपिअरच्या साध्या स्मार्ट प्लगवर गिझर किंवा एसी लावला तर प्लग वितळू शकतो.

आमचा पंधरा वर्षांचा फ्रीज चोवीस तासांत १.९ युनिट खात होता, वर्षाला सातशेच्या घरात. त्याच आकाराच्या नव्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला अडीचशेच्या आसपासचे आकडे दिसतात. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला, दार बंद ठेवून मोजलेला असतो. आपल्या घरात मुलं दार उघडून विचार करत उभी असतात. म्हणून त्यात थोडी भर धरा. तरी फरक मोठाच राहतो.

नवीन घेण्याआधी जुन्याला एक संधी द्या. दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर दाराचं रबर गेलंय, ते बदलून मिळतं. मागे आणि बाजूला हवा खेळायला जागा ठेवा. आमचा फ्रीज ओट्याला खेटून, शेगडीच्या शेजारी होता, तो फक्त हलवल्यावर १.९ चा १.६ झाला. साधा फ्रीज असेल तर बर्फाचा थर बोटाच्या पेरापर्यंत वाढू देऊ नका. आणि नवा फ्रीज आणल्यावर जुना 'असू दे पाण्याच्या बाटल्यांना' म्हणून गॅलरीत चालू ठेवलात, तर केलेला सगळा हिशेब पाण्यात.

ताऱ्यांबद्दल एक गोष्ट. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, हे लेबल २००६ पासून देतं आणि त्याचे निकष अधूनमधून कडक करतं. त्यामुळे आठ वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. दुकानात तारे मोजण्याऐवजी लेबलवरचं वर्ष आणि वर्षाचा युनिट वापर वाचा. दोन फ्रीजमध्ये ५० युनिटांचा फरक असेल तर १२ रुपयांनी वर्षाला ६०० रुपये. मग ठरवा की वरचे पाच हजार द्यायचे का.

सातवी पायरी: पंखे

माझ्या मते सर्वसाधारण मराठी घरात सगळ्यात आधी पैसे घालायची जागा हीच. जुना पंखा ७० ते ८० वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पंखा पूर्ण वेगात साधारण ३० वॅट. सोळा तास चालणाऱ्या पंख्यात महिन्याला २१-२२ युनिट वाचतात, १२ रुपयांनी सुमारे २६० रुपये. पंखा तीन हजारांचा धरला तर अखंड वापरात वर्षभरात वसूल. नाशिकच्या थंडीत तीन महिने पंखे बंद असतात, म्हणून आमचा हिशेब दीड वर्षाचा.

पण घरातले सगळे पंखे एकदम बदलू नका. कॅलेंडर बघा. हॉल आणि झोपायची खोली, जिथे पंखा रोज दहा तासांच्या वर फिरतो, तिथे आधी. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षात वीस दिवस चालतो, तिथे नवा पंखा तुमच्या हयातीत वसूल होणार नाही. छताच्या पंख्यांना बीईईचं लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, तेव्हा दुकानदाराने 'कमी वॅटचाच आहे' म्हटलं तरी खोक्यावर वाचा.

भिंतीत अजून जुना, मोठ्या चौकोनी खोक्याचा रेग्युलेटर असेल तर तोही बदला. तो पंख्याची वाचलेली वीज स्वतः गरम होऊन उडवतो. मात्र बीएलडीसी पंख्याला सहसा रिमोट असतो, त्याला भिंतीतला रेग्युलेटर जोडू नका. वायरमनला आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने जोडून जातो.

जाता जाता: चोकवाली जुनी ट्यूबलाइट राहिली असेल तर ती ५० वॅटच्या वर खाते, तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी पुरते.

आठवी पायरी: गरम पाणी

गिझरवरचे आरोप पूर्ण खोटे नव्हते. डिसेंबरात टाकीतलं पाणी १८ अंशांना येतं आणि अंघोळीला ४२ लागतं. २० लिटरची बादली २४ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या थोडं वर वीज लागते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, कितीही महागडा गिझर आणला तरी बदलत नाही. शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं तर सत्तरेक लिटर पाणी जातं, म्हणजे जवळपास दोन युनिट. चौघांच्या घरात बादली की शॉवर यावर महिन्याला दीडशे युनिटांचा फरक पडू शकतो.

साठवणीच्या गिझरचा थर्मोस्टॅट बहुतेक ठिकाणी कमाल आकड्यावर ठेवलेला असतो. तो ५० ते ५५ वर आणा. एकामागोमाग एक अंघोळी उरका आणि शेवटच्या माणसाने खटका बंद करायचा. स्वतंत्र घर किंवा गच्चीचा हक्क असेल तर सौर पाणी-तापकाचा विचार जरूर करा.

नववी पायरी: उकाडा

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर आहोत. एप्रिलमध्ये रात्री नऊला बेडवर उभं राहून छताला हात लावला तर स्लॅब गरम लागतो. एसी खोलीशी नव्हे, त्या स्लॅबशी झुंजत असतो. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा लेप देणं हे एसी बदलण्यापेक्षा स्वस्त काम आहे. फक्त गच्ची सोसायटीची असते, तेव्हा आधी सभेत ठराव. आमच्याकडे ठरावाला दोन वर्षं लागली, रंगाला दोन दिवस.

पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून करा. आतून कितीही जाड पडदा लावला तरी ऊन तोवर काच ओलांडून घरात आलेलं असतं. नर्सरीवाल्यांकडचं हिरवं शेडनेट किंवा बांबूची चटई बाहेरून लावली की संध्याकाळी फरक कळतो.

विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी, तिथे वाळ्याचा कूलर दोनेकशे वॅटमध्ये खोली गार करतो. तिथल्या लोकांना हे मी सांगायची गरज नाही. कोकणात आणि मुंबईत मात्र दमट हवेत कूलर नुसता चिकचिकाट करतो.

एसी लावायचाच तर रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा लिहा. एक रात्र २४ वर, एक रात्र २७ वर आणि सोबत पंखा. तापमान एक अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई सांगतं, तुमच्या खोलीचा आकडा तुम्हालाच कळेल. आणि घेताना ध्यानात ठेवा: एसीच्या लेबलवरचा वर्षाचा वापर १६०० तास धरून काढलेला असतो. आमचा एसी वर्षात साठ रात्री, सात-सात तास चालतो, म्हणजे ४२० तास. आम्हाला पाच ताऱ्यांचे जादा पैसे परवडले नाहीत, तीन ताऱ्यांचा पुरला. तुमच्याकडे मार्च ते ऑक्टोबर रोज एसी लागत असेल तर गणित उलटं.

सौर पॅनेल शेवटी

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. त्यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्यावर ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. आता बघा: २४० युनिटचं घर वरच्या उपायांनी १६० वर आलं, तर दोन किलोवॅटऐवजी दीडच्या आतलं पॅनेल पुरतं. म्हणून आधी पंखे, मग पॅनेल. विक्रेता अर्थातच उलटा क्रम सांगेल.

फरक पडला का, हे बघताना एक चूक टाळा. पंखे एप्रिलमध्ये बदलले आणि मेचं बिल वाढलं म्हणून पुष्कळ लोक निराश होतात. मेची तुलना मेशीच करायची. बिलावरून उतरवून ठेवलेले मागच्या वर्षीचे आकडे त्यासाठीच. आणि बिलाचे दिवसही मोजा, कारण एखादं बिल २८ दिवसांचं असतं आणि एखादं ३३ दिवसांचं. आमच्या कॅलेंडरवर मागच्या मेमध्ये तीन आठवडे 'आत्या आणि मुलं आलीत' असं लिहिलेलं आहे, यंदाच्या मेमध्ये नाही. तेवढी युनिट मी बचतीत धरलेली नाहीत.